नदीत उतरून मासे पकडताय? चिपळूण-खेडकडच्या नद्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाशिष्ठी, जगबुडी आणि त्यांना मिळणारे वहाळ-पऱ्ये म्हणजे लहान ओढे, या पाण्यात आम्ही लहानपणापासून पाग (फेकायचं जाळं) आणि गरी (गळ) घेऊन उतरतोय. दरवर्षी पाऊस लागला की मुंबई-पुण्याहून आलेली भावंडं, मित्र, मित्रांचे मित्र तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढलं. वाचा आणि जो सोबत येणार आहे त्यालाही वाचायला लावा.

पाणी गुडघाभरच आहे, त्यात कसली भीती?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माणूस नदीत बुडतो तो पाणी डोक्यावरून जातं म्हणूनच असं नाही, बऱ्याचदा आधी पाय सुटतो आणि मग तो आडवा होतो. आडवा झालात की गुडघाभर पाणीसुद्धा नाकातोंडात जायला पुरतं. आणि वाहत्या पाण्याचा जोर सरळ हिशोबात वाढत नाही, वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, त्यामुळे काल ज्या दगडावर आरामात उभे होतात तिथेच आज पाणी जरा जोरात आहे एवढ्यानेच उभं राहता येत नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे १ टन वजन, ते सतत पायावर येऊन आदळतंय असं डोळ्यासमोर आणा.

मग किती पाण्यात उतरायचं ते कसं ठरवायचं?

आम्ही पानाची परीक्षा करतो. काठावरून एक पान किंवा काडी टाकायची आणि काठाकाठाने तिच्यासोबत नेहमीच्या चालीने चालायचं. पान तुमच्या बरोबरीने किंवा मागे राहिलं तर ठीक. पान पुढे पळालं तर त्या जागी गुडघ्याच्या वर उतरायचं नाही. मांडीपर्यंत पाणी असेल तर ते जवळजवळ थांबलेलंच हवं. कमरेच्या वर आम्ही पाग टाकायला कधीच जात नाही, कारण कमरेच्या वर पाणी आलं की अंग हलकं होतं, तळपायावर वजन पडत नाही आणि पाय तळाला धरत नाहीत. पोहणाऱ्यालाही हेच लागू.

तळ दिसत नसेल तर? मग काठीने चाचपल्याशिवाय एक पाऊलही नाही. पाणी लाल गढूळ असेल तर त्या दिवशी काठावरून गरी टाका, शिंगटी माशाला तसंही गढूळ पाणीच आवडतं.

पाऊस नाही, लख्ख ऊन पडलंय, तरी पाणी कसं काय वाढतं?

बाहेरगावच्या माणसाची फसगत होते ती इथे. याची दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे डोंगर. तुमच्या डोक्यावर ऊन असतं पण कुंभार्ली घाटाच्या, तिवऱ्याच्या बाजूला काळोख करून पडत असतो आणि सह्याद्रीचा उतार इतका उभा आहे की वरचं पाणी खाली यायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे उतरण्याआधी आकाश बघायचं ते पूर्वेकडचं. डोंगर दिसेनासे झालेत का तेवढं बघा, झाले असतील तर चहा प्या आणि थांबा.

दुसरं म्हणजे कोयना. कोयना नदी खरी घाटावरची, ती वाहते साताऱ्याकडे, पण वीज करण्यासाठी तिचं पाणी डोंगरातून बोगद्याने इकडे पोफळीला उतरवलंय, ते पुढे कोळकेवाडी धरणात येतं आणि शेवटी वाशिष्ठीत सोडलं जातं. म्हणजे विजेची मागणी वाढली की भर मे महिन्यातही वाशिष्ठीचं पाणी चढू शकतं, पावसाचा त्यात काही संबंध नाही. रायगडात कोलाडला कुंडलिकेवर उन्हाळ्यात राफ्टिंग चालतं तेही अशाच वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर. तेव्हा अशा नदीवर मधल्या बेटावर जाऊन बसायचं नाही, जाताना घोटाभर पाणी असतं आणि येताना वाट गेलेली असते.

बातम्यांत 'इतके हजार क्युसेक विसर्ग' असं येतं. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. १,००० क्युसेक सोडलं म्हणजे दर सेकंदाला २८,००० लिटर, म्हणजे पाण्याचे तीन-चार मोठे टँकर एका सेकंदात रिकामे होतायत.

पाणी वाढतंय हे वेळेत कळतं का?

लक्ष असेल तर कळतं. उतरण्याआधी पाण्याला लागून असलेला एखादा दगड हेरून ठेवा, त्यावर दुसरा लहान दगड ठेवा आणि दर पाग टाकल्यावर तिकडे एक नजर टाका. तळाचा दगड बुडाला की गाशा गुंडाळायचा, अजून दोनच पाग टाकतो असं म्हणायचं नाही. नितळ पाण्याला अचानक मातकट रंग चढणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, फेस येणं आणि नदीचा आवाज बदलून घोंगावल्यासारखा येणं, यातलं एक जरी झालं तरी तडक बाहेर. ज्या काठाने घरी जायचं आहे त्याच काठाला बाहेर पडा, चपला पलीकडे राहिल्या तर राहू देत. पाणी सोडल्याचा भोंगा वाजला तर विचारायलाच नको.

खाडीच्या बाजूला पाणी संथ असतं, तिथे तरी बिनधास्त उतरू शकतो ना?

दाभोळच्या मुखातून भरतीचं पाणी आत वर चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत येतं. भरती आवाज करत नाही, तुम्ही तांबोशी माशाच्या नादात असता आणि पोटरीभर पाणी कधी मांडीला लागतं ते समजत नाही, आणि मागच्या बाजूला जो चिखलाचा पट्टा चालत ओलांडून आलात तो आधीच बुडालेला असतो.

जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. आज चतुर्थी असेल तर ४ चे पाऊणपट ३, म्हणजे साधारण तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास आणि तेव्हाच उधाण मोठं असतं. रात्रीलाही तोच हिशोब, कारण दिवसातून दोनदा भरती येते. हा अंदाज आहे, तास-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि खाडीच्या तोंडाशी भरती झाल्यावर आत पोचायला आणखी वेळ लागतो. मोबाईलवर भरतीचं टाइमटेबल मिळतं तेही बघा, पण रेंज नसेल तेव्हा कालनिर्णयातली तिथीच कामाला येते. आम्ही ओहोटी लागल्यावर उतरतो आणि पाणी खालच्या टोकाला थांबलं की बाहेर येतो.

वरून नदीला पूर आणि खालून उधाण असं एकत्र आलं की काय होतं ते चिपळूणने २२ जुलै २०२१ ला बघितलंय, त्यावर आणखी काय लिहू.

खाजणात म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, चिखलात पाय रुतला तर ओढाओढ करू नका, जितकं खेचाल तितका चिखल धरतो. मागे बसा, सरळ पाठीवर रेला, वजन पसरलं की पाय हळूहळू हलवत एकेक करून निघतो. कपडे खराब होतात, होऊ देत.

पागाची दोरी मनगटाला बांधायची की नाही?

घट्ट बांधायची नाही. याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे.

आमच्या घरचा पाग आजोबांनी स्वतः विणलेला, खाली शिशाच्या गोळ्या, आणि दोरी डाव्या मनगटाला पक्की गाठ मारून बांधायची हीच पद्धत मी बघत आलो. एका जुलैत पऱ्याच्या तोंडाशी मी आणि माझा आत्येभाऊ उतरलो होतो, पाणी मांडीभर. पाग छान गोल पडला पण तळाला पुरात आलेली उंबराची फांदी होती, तिच्यात गोळ्या अडकल्या. मी सोडवायला ओढतोय तेवढ्यात वरून पाणी आलं, मोठं नाही, वीतभरच वाढलं असेल. पण आता पाण्याचा सगळा जोर पसरलेल्या पागावर आला आणि पाग मला ओढायला लागला. नायलॉनची ओली दोरी मनगटात रुतली, गाठ सोडायला दुसरा हात नेला तर गाठ लाकडासारखी कडक, बोटं नुसती घसरत होती. पाणी कमरेला लागलं, टाचेखालची खडी सरकताना कळत होती. दादाच्या कमरेला आकडीत कोयती होती, तो काठीच्या आधाराने दोन पावलं पुढे आला, "हात वर धर, हलवू नको" म्हणाला आणि एका घावात दोरी तोडली. पाग गेला. मनगटाभोवती वळ आठ दिवस होता.

आता मी दोरीच्या टोकाला एवढा मोठा फास ठेवतो की मूठ मिटलेली असली तरी हात सहज बाहेर यावा. सरकगाठ अजिबात नको, ती ओढली की आवळते. दुसरा उपाय म्हणजे फास आणि दोरी यांच्यात सुतळीचा एकच पदर बांधायचा, जोरात झटका दिला की तो तुटला पाहिजे, आणि तुटतो की नाही ते काठावर झाडाला बांधून आधी करून बघायचं. पाग गेला तर नवा विणता येतो. आणि कापायला काहीतरी कमरेला पाहिजेच, पिशवीत काठावर ठेवलेली सुरी काही कामाची नाही.

पायात काय घालू? गमबूट चालतील का?

स्लिपर नको, अनवाणी नको, आणि गमबूट तर वाहत्या पाण्यात नकोच. गमबुटात पाणी भरलं की त्यामुळे माणूस तळाला जातो असं नाही, पण प्रत्येक पायात बादलीभर पाणी घेऊन चढ चढता येत नाही, आणि काठ चढतानाच माणूस मागे कोसळतो. जुने कॅनव्हासचे बूट, लेस घट्ट बांधून, हे सगळ्यात बरे. शेवाळलेल्या कातळावर जायचं असेल तर बुटाच्या मधल्या भागावर काथ्याची दोरी तीन-चार वेढे गुंडाळा, पकड चांगली येते. तरी हिरवा-काळा चकचकीत कातळ दिसला की तो टाळायचाच, पावलं खडीवर ठेवायची.

परदेशातून कोणी छातीपर्यंतचे वेडर (पाण्यात उतरायची बुटासकट विजार) आणले असतील तर वरून पट्टा घट्ट आवळल्याशिवाय पाण्यात जाऊ नका. अर्धी चड्डी आणि टीशर्ट पुरे, जीन्स नको, लांब रेनकोट तर अजिबात नको, त्यात पाणी धरतं.

पाण्यात चालायची काही पद्धत असते का?

असते. खांद्याएवढी बांबूची काठी घ्या. तोंड पाणी येतंय त्या बाजूला, काठी पुढे, आणि खेकड्यासारखं आडवं सरकायचं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, काठी हलली तर दोन्ही पाय रोवलेले, पाय हलला तर काठी आणि दुसरा पाय रोवलेले. पाऊल उचलून टाकायचं नाही, तळावरून घासत न्यायचं. पायावर पाय आणायचा नाही. दगडावरून दगडावर उड्या तर सोडूनच द्या, घोटा मोडला तर उचलून नेणार कोण. आणि वळायचं असेल तर पाण्याकडे पाठ करून वळू नका, गुडघ्याच्या मागून जोर आला की गुडघा आपोआप दुमडतो.

ओलांडायची जागा निवडताना नदी जिथे रुंद, उथळ आणि खळाळती आहे तिथून जा. अरुंद आणि शांत दिसते तिथे ती खोल असते.

पाय सुटलाच आणि वाहत निघालो तर?

हातातलं सगळं सोडा, गरी, पाग, पिशवी सगळं. पाठीवर व्हा, पाय पुढे म्हणजे पाणी जातंय त्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर. दगड आला तर तो पायाला लागू दे, डोक्याला नको. हाताने वल्हवत तिरकं काठाकडे जायचं, पाण्याच्या उलट पोहायचा प्रयत्न केला तर दोन मिनिटांत दम संपतो.

आणि जोराच्या पाण्यात उभं राहायची घाई करू नका. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकलं आणि मागून पाणी ढकलत असलं तर माणूस पुढे वाकतो आणि वर येऊ शकत नाही, गुडघ्याभर पाण्यात माणसं जातात ती अशीच. ढुंगण तळाला घासायला लागलं की मग उठा.

पुढे पडलेलं झाड किंवा बांबूचं बेट आडवं दिसलं तर त्याच्यापासून दूर व्हायला सगळी ताकद लावा. फांद्यांतून पाणी पलीकडे जातं, माणूस अडकतो. टाळणं शक्यच नसेल तर शेवटच्या क्षणी पालथं होऊन डोकं पुढे करून झाडावर चढायचं.

बंधाऱ्याच्या खाली मासे भरपूर मिळतात, तिथे उतरलं तर?

मिळतात, खरं आहे, वर चढायला बघतात आणि तिथेच अडतात. पण बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली जाऊन परत बंधाऱ्याकडे फिरतं, त्या फिरत्या पाण्यात लाकडाचा ओंडका तासन्‌तास तिथल्या तिथे गोल फिरताना बघितला असेल, माणसाचंही तेच होतं. पट्टीचा पोहणारासुद्धा त्यातून निघत नाही. फेस जिथपर्यंत येतो तिथपासून निदान वीस-पंचवीस पावलं खाली राहा, आणि काठावरून टाका. वरच्या बाजूलाही पाणी वरून जात असताना बंधाऱ्यावरून चालत पलीकडे जायचं नाही, आणि फळ्या काढलेल्या असतील तर त्या गाळ्याजवळ जायचं नाही, पाणी आत खेचतं.

कोंड आणि वाळू काढलेल्या जागा?

कोंड म्हणजे नदीतले खोल डोह, ते गावातल्यांना माहीत असतात, म्हणून नव्या गावात गेलात तर आधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ते "तिकडे जाऊ नका" म्हणाले की जायचं नाही, कारण विचारत बसू नका. वाळू उपशाचे खड्डे मात्र गावातल्यांनाही माहीत नसतात कारण ते दरवर्षी बदलतात. घोटाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल थेट दोन पुरुष खोलात. आणि कड भुसभुशीत असते, धरायला गेलं की हातात वाळू येते. पर्याय एकच, काठी.

वाशिष्ठीत मगरी आहेत हे खरंय?

खरंय. वाशिष्ठीत आहेत, महाडला सावित्रीत आहेत, सांगलीकडे कृष्णेतही आहेत. पहाटे आणि संध्याकाळी अंधार पडताना संथ, खोल पाण्याच्या कडेला उभं राहू नका. काठावर घसरगुंडीसारखी गुळगुळीत ओली पट्टी दिसली तर ती मगर उतरल्याची खूण असू शकते, जागा बदला. मासे साफ करून घाण तिथेच पाण्यात टाकायची सवय सोडा, रोज त्याच जागी टाकलं की मगर त्या जागी यायला शिकते. फेब्रुवारी ते एप्रिल अंडी घालायचे दिवस आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात, तेव्हा मादी जास्त चवताळते. मगरीला दगड मारणं, पिल्लं उचलणं हे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि मुळात वेडेपणा आहे. दिसली तर वनखात्याला कळवा.

चढणीच्या माशांना रात्रीच जावं लागतं, मग काय करायचं?

पहिल्या पावसाला मासे वर चढतात तेव्हा सगळं गाव बॅटऱ्या घेऊन वहाळावर असतं, ती मजा मलाही माहितीये, लहानपणी मी काकांच्या मागे मागे जायचो. पण अंधार, नवं पाणी, घसरडे बांध आणि बिळातून बाहेर आलेले साप हे सगळं एकाच रात्री असतं. जायचंच तर नदीत नाही, शेताच्या चऱ्यांवर आणि लहान पऱ्यांवर जा. दिवसा ती जागा बघून या. बॅटरी डोक्याला लावायची हवी, हात मोकळे राहतात. निदान तिघं तरी हवेत. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं तेव्हा अंधारात लोकांना काय येतंय ते दिसलंसुद्धा नाही. पावसाळ्याच्या रात्री मोठ्या नदीच्या पात्रात उभं राहायचं नाही हे आमच्या घरात तेव्हापासून पक्कं आहे. आणि हे मासे अंडी घेऊन चढत असतात, सगळे उचलले तर पुढच्या वर्षी काय चढणार, तेव्हा थोडे सोडा.

मला चांगलं पोहता येतं. लाइफ जॅकेट कशाला?

दगडावर डोकं आपटल्यावर पोहता येत नाही. जॅकेट घाला आणि सगळे पट्टे लावा, नुसतं अंगात अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. गाडीच्या चाकाची ट्यूब हा पर्याय नाही, ती उलटते आणि हातातून निसटते.

थोडी घेऊन उतरलं तर चालतं का? थंडी वाजत नाही म्हणे.

नाही चालत. दारूने अंग गरम झाल्यासारखं वाटतं पण आतून लवकर गार पडतं, आणि तोल जातो तो वेगळाच. पार्टी मासे घरी आणल्यावर करा. ज्याने घेतलीय त्याला काठावर बसवा, तोही पाण्यापासून लांब.

विजा चमकायला लागल्या तर?

गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, तो उभा धरून चालू नका, आडवा खाली ठेवा. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका, घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या. आणि काहीजण करंट सोडून मासे मारतात, तो गुन्हा तर आहेच, पण तसं कोणी करत असेल त्या पाण्यात पायही घालू नका.

शिंगटीचा काटा लागला, साप चावला, जखम झाली तर?

शिंगटीचा काटा लागला तर सहन होईल एवढ्या गरम पाण्यात हात किंवा पाय अर्धा-एक तास बुडवून ठेवा, ठणका उतरतो. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही म्हणून पाणी आधी दुसऱ्या हाताने बघा. काटा आत तुटला असेल तर डॉक्टरकडेच.

पाण्यात दिसणारा साप बहुतेक वेळा पाणदिवड असतो, तो बिनविषारी. काठावरच्या दगडांखाली मात्र विषारी फुरसं असतं, म्हणून खेकड्यासाठी न बघता बिळात आणि फटीत हात घालू नका. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, अंगठ्या काढायच्या, तो हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखान्यात, वाटेत कुठल्याही मांत्रिकाकडे नाही.

पायाला जखम असेल तर पुराच्या, साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. नदीवरून आल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना 'मी पाण्यात गेलो होतो' हे आधी सांगा, ते सांगितलं नाही की साधा ताप समजून दिवस वाया जातात.

मित्र वाहत चाललाय, उडी मारू का?

नका मारू. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं जातात हे आपण दर पावसाळ्यात वाचतो. ओरडून त्याला पाठीवर व्हायला सांगा, काठाने पुढे पळा आणि बांबू, दोरी, लुंगी जे असेल ते टाका. दोरी टाकताना स्वतःच्या कमरेला बांधू नका, बसून पाय दगडाला रोवून धरा. लगेच दुसऱ्याला ११२ ला फोन करायला सांगा, ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

बाहेर काढला, श्वास नाहीये. पोट दाबून पाणी काढायचं ना?

नाही. उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं यात वेळ जातो आणि पोटातलं श्वासनलिकेत जातं. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने २ ते ५ श्वास द्या, छाती वर येतेय का बघा. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी साधारण ५ सेंटिमीटर आत जाईल एवढं दाबायचं, ३० वेळा, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, पुन्हा २ श्वास, पुन्हा ३०. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं. शुद्धीवर आला, 'ठीक आहे मी' म्हणाला तरी दवाखान्यात न्या, खोकला आणि धाप नंतर काही तासांनी वाढू शकते. हे वाचून येत नाही, एकदा कुठे शिकवत असतील तर जाऊन शिका.

लहान मुलांना न्यायचं का?

न्या, त्याशिवाय शिकतील कशी. पण जॅकेट घालूनच, घोट्याच्या वर पाणी नाही, आणि एका मुलामागे एक मोठा माणूस जो स्वतः मासे पकडणार नाही. हात लांब केला की मूल हाताला लागलं पाहिजे एवढ्याच अंतरावर.

मला एकट्यालाच जायला आवडतं. मग?

मलाही आवडतं, खरं सांगायचं तर. एकटा असेन तेव्हा मी फक्त काठावरून गरी टाकतो, पाग घरीच ठेवतो. निघताना आईला जागेचं नाव सांगतो, नुसतं 'नदीवर' नाही, अमक्या साकवाच्या (लहान पुलाच्या) खाली असं, आणि परत यायची वेळ सांगतो. फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खिशात असतो, शिट्टी गळ्यात असते कारण पाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही. वेळ टळून अर्धा तास झाला की आई शेजारच्या भाऊंना पाठवते. एकदा मी नुसताच गप्पा मारत थांबलो होतो आणि भाऊ दोरी आणि बॅटरी घेऊन साकवावर हजर झाले, तेव्हापासून उशीर होणार असला की मी आधी फोन करतो.